वाच, बिलकुल मुफ्त!

"पन्नास पालक? फक्त पन्नास? काका, आठवड्याभरात अख्खी शाळा वाचती करून दाखवते!"

शाळेची ग्रंथपाल कौमुदी हे बोलून गेली, आणि बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की समोर यशवंतराव आहेत.

यशवंतराव म्हणजे हिंदी मुलखातल्या तात्यापारा वस्तीतल्या मराठी मंडळाचे आणि मंडळाच्या प्राथमिक शाळेचे अध्यक्ष. छत्तीस वर्षं रेल्वेच्या माल गोदामात काढलेली. त्यामुळे कुठलीही खोली दिसली की तिच्यात काय भरता येईल, एवढंच त्यांना दिसायचं. सध्या त्यांना शाळेची लायब्ररी दिसत होती आणि तिच्यात भरायची होती मंडळाची लग्नाची भांडी.

"हे पाय पोरी," ते म्हणाले, "पुस्तक कुठंही राहते. कपाटावर राहते, कपाटाखाली राहते. पातेलं राहते का? शनिवारी अकरा वाजता पन्नास पालक या खोलीत उभे करून दाखव. लायब्ररी तुझी. एकोणपन्नास झाले, तं रविवारी पातेली आत!"

ती खोली कौमुदीच्या फार जिवाची होती. आठवड्यातून एकच तास मिळायचा, पण त्या तासाला पहिलीची पोरं चपला काढून सतरंजीवर पालथी पडायची, वीस जोड्या तळवे हवेत हलायचे आणि खोलीत फक्त पानं उलटल्याचा आवाज यायचा. तिथे आता पातेली? छे!

तिच्याकडे योजना होती. शाळेतल्या ग्रंथपालांच्या उपयोगाच्या अकरा जागा तिनं इंटरनेटवर हुडकून काढल्या होत्या. कुठे चित्रांच्या गोष्टी, कुठे मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या गोष्टी, कुठे वाचनाचे खेळ, सगळं फुकट! हे सगळं तिनं निधीच्या दुपारच्या झोपेत, वीस-वीस मिनिटं चोरून शोधलेलं. निधी तिची दीड वर्षांची लेक. तिलाही पुस्तकं फार आवडायची. विशेषतः कोपरे.

शनिवारी पालकांना बोलवायचं, त्यांच्या फोनात या जागा टाकून द्यायच्या, की घरोघरी लायब्ररी! इतकं सोपं!

"पण मोहिमेचं नाव मराठी पाहिजे," यशवंतरावांनी बजावलं. "मंडळाची शाळा आहे!"

आता पालकांतले बारा आणे हिंदी बोलणारे. उरलेल्या चार आण्यांना मराठी समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. तेव्हा कौमुदीनं मधला मार्ग काढला. मजकूर हिंदी, नाव मराठी. आणि नाव तरी काय सुचलं! 'वाच'! दोन अक्षरं, एक काना. चुकायला जागाच नाही!

मंगळवारी दुपारी ती मेसेज लिहायला बसली. म्हणजे डाव्या हातावर निधी झोपलेली आणि उजव्या हाताचा अंगठा मोकळा. 'वाच' हा मराठी शब्द आहे, त्याचा अर्थ 'पढ़ो', असा एक छान परिच्छेद तिनं अंगठ्यानं कोरून कोरून लिहिला. तेवढ्यात निधीनं झोपेत पाय झाडला. तो थेट फोनवर! परिच्छेद गेला. जे उरलं ते असं:

'खुशखबर! मंडल की ओर से हर बच्चे के लिए वाच! बिलकुल मुफ्त! शनिवार सुबह ग्यारह बजे, लायब्ररी. फोन साथ लाएँ, वहीं जोड़ दिया जाएगा.'

गेलेला परिच्छेद पुन्हा लिहायचा तर दुसरा हात लागणार. दुसरा हात काढला तर निधी उठणार. आणि झोपलेलं मूल उठवून खुलासा लिहीत बसणारी आई अजून जन्मायची आहे! कौमुदीनं तेवढाच मेसेज पालकांच्या ग्रुपवर पाठवून दिला.

पाच मिनिटांत फोन थरथरायला लागला. 'दीदी, हमारा नाम लिखिए.' 'मैडम, दो बच्चे हैं, दो मिलेंगी?' 'भतीजा दूसरे स्कूल में है, चलेगा क्या?' संध्याकाळपर्यंत चौऱ्याहत्तर नावं! बुधवारी दीडशे! कौमुदीनं नावं पुन्हा मोजली. आणि लोक म्हणतात, कुणी वाचत नाही!

गुरुवारी शर्मिष्ठाचा फोन आला. ही शंकर नगरची, पालकांच्या ग्रुपची सर्वेसर्वा. शाळेत काय चाललंय हे हेडबाईंच्या आधी हिला कळायचं.

"दीदी, सब बच्चों को एक ही साइज़ मिलेगी क्या?"

"नहीं नहीं! छोटों को पतली, बड़ों को मोटी."

"और रंग?"

"छोटों की रंगीन. चौथी-पाँचवीं वालों की ज़्यादातर काली-सफेद."

"अच्छा, स्कूल में बच्चा दिनभर हाथ में रखेगा तो टीचर डाँटेंगे नहीं?"

"डाँटेंगे? अहो, उलटं खूश होतील! म्हणजे, खुश होंगे! हाथ में जितनी देर रहे उतना अच्छा."

"रात को उतारनी पड़ेगी?"

हा प्रश्न कौमुदीला जरा काव्यात्म वाटला. पण आपल्यालाही निधीला झोपवताना गोष्ट लागतेच की. "रात को तो ज़रूर!" ती म्हणाली. "सोने से पहले पंद्रह मिनट."

"बस पंद्रह मिनट चलती है?"

"शुरू में. आदत हो जाए तो घंटों चलती है!"

"वाह! और पानी?"

"पानी से तो बचाना पड़ेगा, दीदी."

"हव, इतना तो हम कर लेंगे!" शर्मिष्ठा इतकी खूश झाली की तिनं तो मेसेज तिच्या नात्यातल्या, गल्लीतल्या आणि जिममधल्या ग्रुपवर पुढे ढकलला.

शंका फक्त एका माणसाला आली. मीराबाईंना. शाळेच्या शिपाईबाई. मूळच्या भंडाऱ्याच्या. जन्म गेटवर गेल्यामुळे माणसाचा चेहरा बघून पोटातलं ओळखायच्या.

"बाई, एक विचारू? हे लोकं एवढे खूश काहून होऊन राहिले? पुस्तकाच्या नावानं माणूस असा हासत नाही."

"मीराबाई," कौमुदी प्रेमानं म्हणाली, "समाज बदलतोय!"

"असंन बा," मीराबाई म्हणाल्या. पण त्यांच्या भुवया काही खाली आल्या नाहीत.

शनिवार उजाडला. कौमुदीनं निधीला सासूबाईंच्या, विमलाबाईंच्या, हवाली केलं. नातीला सांभाळायला म्हणून त्या आठ महिन्यांपूर्वी अमरावतीहून आलेल्या. त्यांचं हिंदी भाजीवाल्याशी भांडण्यापुरतंच होतं, पण भांडण त्याच जिंकायच्या.

साडेदहाला कौमुदी शाळेजवळ पोचली आणि रिक्षातच उभी राहिली! लाईन गेटपासून थेट वळणापर्यंत! शंकर नगरच्या स्कूटर, उरल्याच्या रोलिंग मिलमधून रात्रपाळी करून तसेच आलेले, भुवयांवर लोखंडाची धूळ असलेले बाप, कडेवर पोरं घेतलेल्या आया. आणि गेटला लागून एक हातगाडी! तिच्यावर लाल, निळे, पिवळे पट्टे.

"पट्टा ले लो, पट्टा! छोटे हाथ का पट्टा! बदलने वाला पट्टा!"

"बघा मीराबाई!" कौमुदी हरखून म्हणाली. "पुस्तकात खूण ठेवायच्या पट्ट्या विकायलासुद्धा माणूस आला!"

मीराबाईंनी पट्ट्यांकडे पाहिलं. त्यांच्या बकलांकडे पाहिलं. मग कौमुदीकडे पाहिलं.

यशवंतराव माणसं मोजत होते. गोदामातली सवय. तीनशे बाराला त्यांनी मोजणं सोडलं आणि माइक मागवला. एवढी गर्दी मंडळाच्या गणपतीलाही कधी आली नव्हती!

"भाइयो और बहनो!" ते गरजले. "ये वाच की कल्पना मेरी है!"

टाळ्या!

"मंडल के अध्यक्ष के नाते मैं वचन देता हूँ, एक भी बच्चा बिना वाच के घर नहीं जाएगा!"

अशा टाळ्या की लायब्ररीच्या खिडकीची एक काच हलली. यशवंतरावांना असली दाद छत्तीस वर्षांत मालगाडी सुटल्यावरही मिळाली नव्हती. ते माइक सोडेनात. शेवटी तो कौमुदीनं हळूच काढून घेतला.

तिनं पहिली जागा उघडून दाखवली. खोलीत बसतील तेवढ्यांनी आपापल्या फोनात ती उघडली. एका हत्तीची गोष्ट मोठ्यानं सुरू झाली, पण प्रत्येकाची आपापल्या वेळेला. एकाच्या फोनात हत्ती घरातून निघतोय, दुसऱ्याच्यात नदीत उतरतोय, तिसऱ्याच्यात बुडतोय, आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी फोनात त्याची आई त्याला अंग पुसून जेवायला वाढतेय! कौमुदीला वाटलं, स्वर्ग असाच गोंगाटाचा असावा.

"दीदी," शर्मिष्ठानं हात वर केला. "ये तो जुड़ गया. अब घड़ी दीजिए."

कौमुदीनं भिंतीकडे पाहिलं. "ग्यारह चालीस."

"टाइम नहीं पूछ रही. घड़ी!"

"किसकी घड़ी?"

"हमारी! आप ही ने तो लिखा है, वाच!"

"हाँ, वाच! वाच मतलब वाच!"

"वही तो माँग रहे हैं!"

"वही तो दे रही हूँ!"

शर्मिष्ठानं मनगट पुढे केलं आणि त्यावर दोन बोटं टकटक वाजवली. खोलीतल्या सगळ्या बापांनी आपापल्या मनगटावर बोटं टकटक वाजवली. बाहेरच्या लाईननंही, आत काय चाललंय ते न कळता, वाजवली!

कौमुदीच्या डोक्यात पतली, मोटी, रंगीन, काली-सफेद असं सगळं ओळीनं येऊन उभं राहिलं. आणि शेवटी पानी.

"आवो माय!" दारातून मीराबाई ओरडल्या. "बाई, हे लोकं घड्याळं घ्याले आले!"

"आता काय करू?"

"वाचा!"

"आता कसं वाचू, मीराबाई? कोण ऐकणार?"

"पुस्तक नाही व! जीव वाचवा, जीव! कपाटामागं व्हा!"

"अलमारी खोलो!" मागून आवाज आला. "अलमारी में रखी हैं!" "मंडल वाले आपस में बाँट लेंगे!" कुणीतरी कपाट उघडलं. त्यातून गोष्टींची सत्तर पुस्तकं त्याच्या पायावर पडली. त्यानं एक उचलून हलवलं. आतून टिकटिक आली नाही. त्यानं दुसरं हलवलं.

कौमुदीनं हात जोडून, शब्द फोडून, मराठीत 'वाच' म्हणजे काय ते चार वेळा सांगितलं. लोक आधी चिडले, मग गप्प झाले, मग एक बाई हसली, आणि मग हसत-चिडत, एकमेकांना 'तूने ही बोला था' म्हणत सगळे गेटकडे वळले. पट्टेवाला तेवढा दारात उभा. "दीदी, अब ये मैं किसको बाँधूँ?"

अर्ध्या तासात खोली रिकामी. जवळजवळ रिकामी. मागे सतरंजीवर लहानूभाऊ बसले होते. उरल्याच्या मिलमधले. मांडीवर तिसरीतली चेतना, दोघांच्या मध्ये फोन.

"लहानूभाऊ," कौमुदी ओशाळून म्हणाली, "माफ करा हं. घड्याळ नाहीये."

"घड्याळ कायले, मॅडम? कंपनीचा भोंगा हाय ना," ते म्हणाले. "पोट्टी म्हने, बाबा, शनिवारी वाच हाय. म्हनून आलो मी, वाचाले. मले काही धड जमत नाही. हे वाचते, मी आयकतो. अन् आता बोलू नका जराशे. हत्ती अजून नदीतच हाय."

कौमुदी कपाटामागे गेली. डोळे पुसायला. हे मात्र जीव वाचवायला नव्हतं.

बाहेर आली तर यशवंतराव तिचीच वाट बघत होते. चेहरा तापलेल्या हंड्यासारखा.

"एक पालक! एक! घड्याळवाले धरत नाही मी! मले पन्नास पाहिजे होते! उद्या पातेली आत!"

"आना ना साहेब," मीराबाई शांतपणे म्हणाल्या. "गोण्यांत बांधूनच आनसान ना? पन अर्धी पब्लिक अजून गेटवर हाय. उद्या बंद गोण्या आत जातानी दिसल्या, तं म्हनतीन, हे पाय, घड्याळं आली! अन् खोलीले कुलूप लागलं, तं म्हनतीन, साहेबानं खाल्ली!"

यशवंतरावांनी वाकून गेटकडे पाहिलं.

"माइकवर तुम्हीच तं बोलले," मीराबाईंनी आठवण दिली. "कल्पना माही."

यशवंतराव बालवाडीच्या स्टुलावर बसले. स्टूल कुरकुरलं. ते नाही.

"उघडी ठेवा," ते म्हणाले.

"काय, काका?"

"लायब्ररी! दार उघडं, खिडक्या उघड्या, कपाटं उघडी! आठवड्यातून एक तास नाही, रोज, दिवसभर! ज्याले पाहाचं त्यानं येऊन पाहावं आत काय हाय ते! अन् पोरी, नवीन मेसेज टाक. आत्ता, माह्यासमोर. मराठीचा एक शब्द नको त्याच्यात. शुद्ध हिंदी!"

एका तासाची दिवसभराची लायब्ररी झाली होती! कौमुदीला नाचावंसं वाटलं, पण वेळ तशी नव्हती. तिनं दोन्ही हातांनी फोन धरला. एकेक अक्षर तपासत लिहिलं: 'सोमवार से लायब्ररी दिनभर खुली. अब एक-एक करके हर बच्चा पढ़ेगा!' यशवंतरावांनी तीन वेळा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं आणि मान डोलावली. चुकायला जागाच नव्हती. पालकांच्या ग्रुपवर गेलं, मंडळाच्या ग्रुपवर गेलं.

दहा मिनिटांत विमलाबाईंचा फोन. घरी त्यांचा चष्मा निधीच्या तोंडात होता, म्हणून त्यांनी फोनलाच मेसेज मोठ्यानं म्हणायला लावला होता.

"कौमुदी! काय व, पोट्टे काहून पडून राहिले?"

"कोण पडलं, आई?"

"माह्या फोननं सांगतलं ना! एकएक करून हर बच्चा पडेगा! अन् एकएक करून काहून? जिना खचला का शाळेचा? लागलं का कोनाले?"

"आई, पडेगा नाही, पढ़ेगा! पढ़ना! म्हणजे..."

"तू घाबरू नको व पोरी! मी निधीले घेऊन निंगली. हळद घेतली, कापूस घेतला. मंडळाच्या चौदा बायकाईले फोन केला, त्याही निंगल्या!"

फोन कट.

कौमुदीनं तो हळूच पालथा ठेवला.

"काका," ती म्हणाली, "अजून पंधरा जणी येतायत लायब्ररीत. पण तुम्ही जरा... झोपून राहाल का? इतक्या लांबून हळद घेऊन येतायत, कुणीतरी पडलेलं बरं दिसेल."