हेर रीडल आणि त्यांचा म्हातारा

२०२२ साल. मी सत्तर वर्षांचा होतो आणि तोवर रबरी हरणाला घास भरवणारा माणूस मी पाहिलेला नव्हता.

जर्मनीत, वाल्डॉर्फच्या एका कॉम्प्युटर कंपनीत माझा मुलगा संदीप नोकरीला. कंपनीपासून पंधरावीस मिनिटांवरच्या गावात त्याचं घर, आणि गावाचं शेवटून दुसरं. मी आणि माझी बायको सुमन जुलैमध्ये तीन महिन्यांच्या व्हिसावर तिथे गेलो. दुसऱ्याच दिवशी सकाळी सात वाजता कुंपणापलीकडून आवाज आला, ठाक! थोड्या वेळानं पुन्हा, ठाक! कुणी लाकडं फोडतंय म्हणून मी डोकावलो. हिरवी हॅट घातलेला, ताडासारखा उंच म्हातारा, हातात धनुष्य. धनुष्याला सायकलसारखी चाकं. समोर कुरणात हरीण उभं, आणि त्याच्या पुढच्या पायामागे बाण रुतलेला.

मी ओरडणारच होतो, पण हरीण हललंच नाही. ते रबराचं होतं. म्हातारा चालत त्याच्यापर्यंत गेला. हॅट काढली. शेजारच्या झाडाची एक फांदी, बोटाएवढी, तोडली आणि हरणाच्या तोंडात ठेवली. मग मान खाली घालून गप्प उभा राहिला.

मी आत येऊन म्हटलं, "सुमन, शेजारी वेडा आहे गं."

"बरं झालं," ती म्हणाली, "तुम्हाला संगत मिळाली."

सायली आमची सून. ती घरूनच काम करते, जर्मन फाडफाड बोलते. तिनं सांगितलं, "बाबा, ते हेर रीडल. शिकारी आहेत. इथे रीत आहे, जनावर मारलं की त्याच्या तोंडात हिरवी फांदी ठेवायची. शेवटचा घास म्हणतात त्याला."

"पण ते रबराचं आहे."

"हो ना. ते मात्र मलाही कळलेलं नाही."

हेर म्हणजे जर्मनमध्ये साहेब. हे हेर रीडल अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. घरात एकटे. पँट हिरवी, मोजे हिरवे, छत्री हिरवी, चष्म्याची दोरीसुद्धा हिरवी. घरामागचं कुरण आणि त्यापुढचं ओढ्यापर्यंतचं रान त्यांचं, वाडवडिलांपासूनचं. रबरी हरीण त्यांच्या अमेरिकेतल्या भावानं पाठवलेलं. तिकडे पांढऱ्या शेपटीची हरणं असतात, ती धनुष्यानं मारतात. जर्मनीत जिवंत हरणावर बाण सोडायला कायद्यानं बंदी. म्हणून धनुष्य रबरी हरणासाठी आणि रानातल्यासाठी बंदूक, अशी त्यांची वाटणी.

आणि एक शब्द त्यांच्या तोंडात कायमचा. 'नॉख निश्ट.' म्हणजे अजून नाही. कुंपणावरचा टोमॅटो लाल झालेला दिसतोय, मी बोट दाखवलं की, "नॉख निश्ट." सायलीनं विचारलं, कानाचं मशीन घेतलंत का? "नॉख निश्ट." त्यांची मुलगी हॅनोव्हरला असते. दर रविवारी फोन करून सांगते, बाबा, वृद्धाश्रमात जागा बघितलीय, या. त्यालाही तेच उत्तर. मी म्हटलं, या माणसाला यम न्यायला आला तरी दारातून परत पाठवील.

आमची ओळख भांडणानं झाली. ऑगस्टमध्ये ते कुरणाच्या टोकाला जमीन नांगरून काहीतरी फेकत होते. मी सायलीला विचारलं, काय पेरतायत? म्हणाली, हरणांसाठी शेत.

मला हसूच आवरेना. माझं लहानपण वेल्ह्याकडच्या डोंगरात गेलं. शाळा चौथीपर्यंत, आणि तीही अर्धी माळ्यावर. माळा म्हणजे शेतात चार खांबांवर बांधलेली राखणीची माची. तिथे बसून पत्र्याचा डबा बडवायचा, भेकरं आणि डुकरं हाकलायची. पुढे पुण्यात एका कॉलेजच्या बागेत छत्तीस वर्षं माळीकाम केलं. सगळा जन्म जनावरांच्या तोंडातून रोप वाचवण्यात गेला, आणि हा गडी जनावरांनी खावं म्हणून पेरतोय!

बरं, पेरतोय तेही कसं? मुठी भरभरून, लग्नात अक्षता टाकाव्यात तसं. एका ठिकाणी ढीग, दुसरीकडे टक्कल. मला ते बघवेना. मी कुंपण ओलांडून गेलो, त्यांच्या हातातलं दाताळं घेतलं आणि ओळी पाडायला लागलो. ते जर्मनमध्ये काहीतरी तावातावानं बोलले. मी मराठीत बोललो. मला आयुष्यात कुणी काही शिकवलेलं नाही, मी कुणाला विचारायलाही गेलो नाही. जे येतं ते हातानं बघून येतं. संध्याकाळपर्यंत ओळी पडल्या. त्यांनी वाकून पाहिलं, दोरी ताणून दोन ठिकाणी मोजलं, आणि मला नाव दिलं, 'हेर गेर्टनर'. गेर्टनर म्हणजे माळी. साहेब माळी! छत्तीस वर्षांत मला कुणी अशी हाक मारली नव्हती.

मग त्यांनी मला गॅरेज दाखवलं. भिंतीवर शिंगांच्या जोड्या, प्रत्येकीखाली चिठ्ठी. पण त्या मारलेल्या हरणांच्या नव्हत्या. इथलं हरीण आपल्या भेकराएवढं, आणि नराची शिंगं दर हिवाळ्यात गळतात. एकाच नराची गळलेली शिंगं त्यांनी सात वर्षं रानातून वेचून आणली होती. त्याला ते 'म्हातारा' म्हणत. कोवळ्या नराला हात लावायचा नाही, त्याला पिकू द्यायचं, हा त्यांचा धर्म. चार वर्षांचा नर म्हणजे त्यांच्या लेखी शाळकरी पोर. म्हातारा मात्र पिकून पार झाला होता, आणि बेकरीत पाव घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "याला मीच मारणार. माझ्या हातानं."

अडचण होती ओढ्यापलीकडे. तिथलं शिकारीचं रान एका दातांच्या डॉक्टरनं भाड्यानं घेतलेलं. तरणा माणूस, नवी बंदूक, समोर येईल त्याला गोळी. त्याच्या बाजूला सफरचंदाची झाडं. त्या वर्षी सफरचंदं खाली पडायला लागली आणि म्हाताऱ्यानं ओढा ओलांडायला सुरुवात केली. रीडलनी मला चिखलातले खूर दाखवले. जातानाचे दिसत होते, येतानाचे दिसत होते. पण एक दिवस येतानाचे दिसणार नाहीत, हे सांगायला भाषा लागत नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला शिकारीचा मोसम संपायचा. तोवर म्हाताऱ्याला अलीकडे ठेवायचं, एवढाच प्रश्न होता.

मी घरी आलो आणि विचार केला, भेकरं हाकलताना सगळ्यात जास्त कशासाठी घसा फुटायचा? पावट्यासाठी, हरभऱ्यासाठी आणि मेथीसाठी. सायलीसाठी आम्ही पुण्याहून दोन किलो मेथीदाणे आणले होते. मी डबा उचलला. त्यांच्या रानात शिकाऱ्याची उंच माची आहे, शिडी लावलेली. तिच्यासमोर वाफे केले आणि सगळी मेथी पेरून टाकली.

"अहो, डब्यातली मेथी कुठे गेली?" सुमननं विचारलं.

"देवाला वाहिली."

"कुठल्या देवाला दोन किलो मेथी लागते?"

"हिरव्या हॅटवाल्या."

पाचव्या दिवशी मेथी वर आली. रीडलनी पान चुरगळून हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि दोन दिवस हात धूत राहिले. तीन आठवडे एकाही हरणानं तोंड लावलं नाही. सुमन रोज विचारायची, "देव जेवला का?" मी हट्टी माणूस, रोज पाणी घालत राहिलो. मग एका सकाळी दारावर थापा पडल्या. रीडल चिखलाच्या बुटांनी थेट आमच्या दिवाणखान्यात आले. जर्मन माणूस बूट घालून दुसऱ्याच्या घरात! त्यांच्या मुठीत मेथीची खुडलेली देठं होती. शेंडे खाल्लेले. खूर म्हाताऱ्याचे, आणि ओढ्याकडे जाणारा एकही नाही.

सायली म्हणाली, "बाबा, ते म्हणतायत तुम्ही जादूगार आहात."

"सांग त्यांना, मी माळी आहे."

मोसमाच्या शेवटच्या संध्याकाळी त्यांनी मला माचीवर नेलं. दोन म्हातारे एका फळीवर, गुडघ्याला गुडघा. ऊन उतरत होतं. आणि तो आला. तोंड पांढरं पडलेलं, मान जाड, पोट ओघळलेलं. चालताना मागचा पाय जरा ओढत होता. थेट माझ्या वाफ्यात शिरला आणि सावकाश, चवीनं, शेंडे खुडायला लागला. वीस पावलांवर. एवढ्यावरून मी दगड मारला असता तरी लागला असता.

रीडलनी बंदूक उचलली. गाल टेकवला. बोट चापावर गेलं. मी श्वास धरला. किती वेळ गेला ठाऊक नाही, माझ्या पायाला मुंग्या आल्या.

आणि रीडल खोकले.

तो खोकला खोटा होता. मी पंचेचाळीस वर्षं संसार केलाय, खोटा खोकला मला कळतो. म्हाताऱ्यानं मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि रानात निघून गेला. अलीकडच्याच.

"नॉख निश्ट," रीडल म्हणाले.

मला राग आला. दोन किलो मेथी घातली, आणि हा खोकतो? दुसऱ्या दिवशी ते निरोपाच्या चहाला आले, तेव्हा मी सरळ म्हटलं, "सायली, विचार त्यांना. का खोकलात?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग हळू बोलायला लागले आणि सायली सांगत गेली. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको आजारी होती, घरीच होती. त्या संध्याकाळी तिनंच म्हटलं, तुम्ही रानात जा, आज म्हातारा येईल. ते गेले. म्हातारा आला. तासभर समोर चरत होता आणि हे बघत बसले, सुंदर दिसत होता म्हणून. फोन गाडीत होता. घरी आले तेव्हा उशाशी सुपाची वाटी तशीच होती. ती गेली होती.

सायली म्हणाली, "ते म्हणतायत, जनावरालासुद्धा आम्ही शेवटचा घास देतो. तिला कुणी दिला नाही. आणि त्या वेळी मी कुठे होतो, हे त्या म्हाताऱ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही. त्याला मारलं तर मग साक्षीला कुणीच उरत नाही."



सुमन उठली. खिडकीतल्या कुंडीत सायलीची तुळस होती, थंडीनं मरगळलेली. तिच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सायली, रीडलभाऊजींना सांग. आमच्यातही जाणाऱ्याच्या तोंडात पान ठेवतात. हिचं."

रीडल कुंडीपाशी गेले. हॅट डोक्यावर नव्हती. तरी त्यांचा हात डोक्याकडे गेला.

तीन महिने पुण्यात काढून आम्ही जानेवारीत परत आलो. सात वाजता ठाक ऐकलं आणि मला बरं वाटलं. फेब्रुवारीत एका सकाळी त्यांनी बेल वाजवली. नुसतं रानाकडे बघितलं. मी टोपी घातली आणि निघालो.

म्हातारा मेथीच्या वाफ्यात पडला होता. पाय पोटाशी घेऊन, झोपल्यासारखा. गोळी नाही, जखम नाही. नवी शिंगं येत होती, त्यांच्यावर मखमल. ओढ्यापलीकडे दातांचा डॉक्टर उभा होता. त्यानंही टोपी काढली.

रीडलनी फांदी तोडली. खाली बसायला गेले, पण गुडघे वाकेनात. दोनदा प्रयत्न केला. मग त्यांनी फांदी माझ्याकडे धरली. छत्तीस वर्षं जमिनीशी बसून काम केलंय, माझे गुडघे अजून वाकतात. मी बसलो, म्हाताऱ्याचं थंड तोंड उघडलं आणि फांदी आत ठेवली. वरून काहीतरी पुटपुटल्याचं ऐकू आलं. त्यात बायकांचं नाव असतं तसं एक नाव होतं, हाना. मी वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजले, सव्वासात झाले. ठाक झालं नाही.

मी कुंपण ओलांडून त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. टेबलावर वृद्धाश्रमाचं रंगीत पुस्तक, त्यावर हसरे म्हातारे. शेजारी फोन. धनुष्य खिळ्याला टांगलेलं. रीडल कोट घालून नुसते बसले होते.

मी धनुष्य खिळ्यावरून काढलं, त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि माझ्या छातीवर बोट ठेवलं. "मला शिकवा," मराठीतच म्हटलं. सत्तर वर्षांत हे शब्द मी कुणाला म्हटले नव्हते.

ते उठले. कुरणात जाऊन मी दोरी ओढली, ती दोन बोटं सरकली. त्यांनी खिशातून किल्ली काढून धनुष्य सैल केलं. पुन्हा ओढली, चार बोटं. आणखी सैल केलं. माझी कोपरं धरली, खांदा खाली दाबला, हनुवटी फिरवली, सगळा वेळ बोलत होते. मी बाण सोडला. तो त्यांच्या हिवाळी कोबीत घुसला.

रबरी हरणाला ओरखडाही नव्हता. पण मीही हट्टी. ताठ मानेनं चालत गेलो, टोपी काढली, फांदी तोडली आणि हरणाच्या तोंडात ठेवली.

रीडल मागून आले. त्यांनी ती फांदी काढली, माझ्या कोटाच्या खिशात घातली आणि खिसा वरून थोपटला.

"नॉख निश्ट, हेर गेर्टनर," म्हणाले, आणि दुसरा बाण माझ्या हातात दिला.