हवा बघणारे अप्पा

आमच्या गल्लीत नवरदेवाची गाडी आली की सगळे नवरदेवाकडं धावतात आणि शिवलिंगअप्पा चाकाकडं. धोतर सावरून उकिडवे बसतात, सदऱ्याच्या खिशातनं हवा मोजायचा गेज काढून टायरला लावतात आणि भर वाजंत्रीत ओरडतात, "मूवत्तमूरू!" म्हणजे तेहतीस. एरवी अप्पा मराठीच बोलतात, पण हवेचा आकडा कन्नडातच. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "माझा बाप कन्नडात मोजायचा. त्या भाषेत खोटा आकडा माझ्या तोंडातनं निघत न्हाय."

बरं, अप्पांची स्वतःची गाडी? छे! तुळजापुरात भांड्यांचं दुकान चालवलं, जन्मभर एसटीनं हिंडले. आता दुकान पुतण्याकडं, आणि अप्पांकडं हा गेज आणि एक पायपंप.

मी त्यांची शेजारीण. तामलवाडीच्या शाळेत शिकवते, जुन्या गाडीनं रोज जाते-येते. दुसऱ्याच्या घरातलं कळल्याशिवाय मला घास गोड लागत नाही, हे आधीच कबूल करते. गाडी नसलेल्या माणसाला टायरचं एवढं वेड कशापायी, हा किडा माझ्या डोक्यात कधीचा वळवळत होता.

एकदा मे महिन्यात भर दुपारी घरी आले. स्टेअरिंग जड लागत होतं. म्हटलं, "अप्पा, जरा हवा बघा की."

त्यांनी टायरला नुसता हात लावला. "तापलंय. आता काय विचारू नका त्याला."

"विचारायचं कशाला? मोजा ना!"

"ताई, तापलेलं टायर वाढवून सांगतंय. सकाळी गार असताना बघू, मग खरं बोलतंय."

दुसऱ्या दिवशी सहाला दार वाजलं. मी केस विंचरत बाहेर आले तर अप्पा चारही चाकं बघून स्टेपनी मागत होते. वर, गाडीच्या दाराच्या कडेला कंपनीनं चिकटवलेला हवेचा तक्ता मला वाचायला लावला. सात वर्षं गाडी चालवते, तो कागद मी कधी बघितलाच नव्हता. शिक्षिका म्हणवते स्वतःला!

एकदा सोलापूरचा एक भाविक आमच्या बोळात गाडी लावून दर्शनाला गेला. परत येतो तर एक म्हातारा त्याच्या चाकाशी बसलेला. तो चोर चोर म्हणून ओरडायला लागला. अप्पा जागचे हललेसुद्धा नाहीत. म्हणाले, "मागचं उजवं लई उतरलंय. देवी एक डाव माफ करंल, टायर न्हाय करायचं." पंपानं हवा भरून दिली, वर चहा पाजला. बिचारा माणूस अप्पांच्या पाया पडून गेला.

अप्पांची बायको दोन वर्षांमागं गेली. एकुलती लेक गिरिजा पुण्यात नोकरीला. ती दोन-तीन महिन्यांनी शनिवारी संध्याकाळी यायची, रविवारी सकाळी परत. निघताना अप्पा हवा बघायचे. माझ्या गाडीला पाच मिनिटं पुरायची, तिच्या गाडीला तास लागायचा. एक चाक झालं की चहा. दुसरं झालं की, "थांब, खिळाबिळा हाय का बघू दे." तिसऱ्याला धपाटे बांधून यायचे. तेवढा तास त्यांना लेक मिळायची, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

दिवाळीत गिरिजा नवी गाडी घेऊन आली. निघताना म्हणाली, "अप्पा, आता वाकू नका. चारी चाकांची हवा हितं पडद्यावर दिसते."

अप्पांनी आत डोकं घालून बराच वेळ बघितलं. "खरं दावतंय व्हय?"

"अगदी खरं."

पाच मिनिटांत ती गेली. अप्पा गेज हातात घेऊन फाटकात उभे. आणि माझी जीभ! मी म्हटलं, "अप्पा, तुमची नोकरी गेली की हो!" ते हसले नाहीत. मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पुढच्या खेपेची गोष्ट. रविवारी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली अप्पा गिरिजाच्या गाडीच्या मागच्या चाकाशी बसलेले. हवा मोजताना बारीकसा आवाज येतो, पण हा फुस्सऽऽ थांबायलाच तयार नव्हता.

थोड्या वेळानं गिरिजानं गाडी फाटकाबाहेर काढली आणि ब्रेक मारला. "अप्पा! मागचं डावं चोवीस दाखवतंय!"

"आरं द्येवा. खिळा असंल."

एका आकड्यासाठी वरात अडवणारा माणूस साधा वाकलासुद्धा नाही!

"पंप आणा की."

"पंपाचं वायसर गेलंय."

"मग कोपऱ्यावरच्या पंक्चरच्या दुकानात भरून घेते."

"आज रविवार. ते दहाला उघडतंय, दहा म्हंजे अकरा. मग जेवूनच जा. आन् जेवल्यावर उन्हात कशाला? उद्या सकाळी, गार टायरवर..."

गिरिजानं वर बघितलं. "ताई, पंप खरंच बिघडलाय?"

आदल्याच दिवशी त्या पंपानं माझ्या गाडीत हवा भरली होती. अप्पा माझ्याकडं बघत होते. असं बघणं मी त्या माणसाचं कधी पाहिलं नव्हतं.

"व्हय गं," मी म्हटलं, "माझ्यासमोरच बिघडला."

गिरिजा गाडी बंद करून खाली उतरली. चाकाशी वाकली. टायरची छोटी काळी टोपी जागेवर नव्हती. तिनं अप्पांची मिटलेली मूठ हातात घेतली आणि एकेक बोट उघडलं. टोपी आतच होती.

"अप्पा, हवा कशाला सोडायची? नुसतं थांब म्हणायचं की."

"तुझी आई म्हणायची," अप्पा म्हणाले. "तवा कुठं थांबत होतीस?"

गिरिजानं गाडीची चावी काढून अप्पांच्या हातावर ठेवली आणि मागच्या सीटवरची बॅग उचलून घरात गेली.