ओदरिकराव दर गुरुवारी मरतात

ज्या शिलेदारावर मी परदेशात चार वर्षं प्रबंध लिहिला, ते सर ओदरिक आमच्याच निंबोरखेड्यात, मार्केट यार्डामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात आणि दर गुरुवारी आमच्या बकुळावहिनीसाठी मरतात, हे मला गावी परतल्यावर कळलं.

मला वाटलं होतं, गावात कुणी त्यांचं नावही ऐकलं नसेल. शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरून अगदी पहिल्यापासून सांगावं लागेल, की मध्ययुगात युरोपात असे शिलेदार होते, ते चिलखत घालत, दिलेला शब्द मोडत नसत आणि एका स्त्रीच्या एका शब्दावर प्राण देत. सर ओदरिक त्यांच्यातले सर्वांत दुर्दैवी. त्यांनी एलिसांद नावाच्या सरदारकन्येला, मला आपलं म्हणाल का, असं विचारलं. ती नाही म्हणाली. ते जागीच मरण पावले. तिचा एक अश्रू त्यांच्यावर पडला तेव्हा ते उठले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारायला गेले. माणसाच्या इमानाची याहून मोठी गोष्ट मला ठाऊक नव्हती. बांधाच्या वीतभर मातीसाठी सख्ख्या भावाशी बोलणं टाकणाऱ्या आमच्या माणसांना ही गोष्ट सांगायलाच हवी, अशा निश्चयाने मी तिकडची नोकरी नाकारून परत आले होते.

स्टँडवर माझा चुलतभाऊ, बकुळावहिनीचा नवरा विलासदादा घ्यायला आला होता. माझी बॅग मोटरसायकलला बांधत तो म्हणाला, "बरं झालं गुरुवारची आलीस. घराला कुलूप आहे. आधी तळ्यावर जाऊ. ओदरिकरावांची मरायची वेळ झाली, वहिनी तिकडेच आहे."

"कोण ओदरिकराव?"

"अगं, आपले ओदरिकराव. काकांची बदली होऊन तुम्ही गाव सोडलंत ना, त्याच वर्षी आले राहायला. सज्जन माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"मी त्यांच्यावरच प्रबंध लिहिलाय, दादा! मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू कधी विचारलं नाहीस," दादा म्हणाला आणि त्याने किक मारली.

तळ्यावर बाजार उठत आला होता. माणसं पिशव्या पायाशी ठेवून घाटावर बसली होती. गर्दीमुळे मी वर बांधावरच उभी राहिले. सलीमभाईंच्या वरातीच्या घोडीवर बसून एक उंच, वाकलेला माणूस आला. त्याच्या चिलखताला सरकीचं तेल चोपडलेलं होतं आणि दंडावर एक चिंधी बांधलेली होती. शिलेदाराने आपल्या स्त्रीची खूण दंडावर वागवायची असते, हे मी जाणून होते. ही खूण म्हणजे वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या फडक्याची पट्टी होती. तिला हळदीचा डाग होता.

वहिनी हात पदराला पुसत पुढे झाली. ओदरिकराव घोडीवरून उतरले, गुडघ्यावर बसले.

"बाईसाहेब, आज तरी?"

"नाही हो, ओदरिकराव," वहिनी म्हणाली. दारावर आलेल्या भाजीवाल्याला आज काही नको म्हणून सांगावं, तसं.

ते कोसळले. सरकारी दवाखान्याचे कंपाउंडर गिरासे यांनी नाडी पाहून मान हलवली. वहिनीने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. सगळ्यात पुढच्या पायरीवर उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या जुबेदा मॅडम बसल्या होत्या. पाण्याकडून वारा येत होता म्हणून की काय, त्यांनी कानामागे हात धरला होता. थोड्या वेळाने वहिनीचे डोळे भरून आले, थेंब पडला आणि ओदरिकराव उठून बसले. लोकांनी पिशव्या उचलल्या.

मला हेवा वाटला. याला दुसरा शब्द नाही. ज्यांच्या प्रश्नाच्या तेरा हस्तलिखितांतल्या तेरा रचना मला पाठ होत्या, ते माझ्या डोळ्यांदेखत अशा बाईसाठी मेले होते, जिने घरी येताना रस्ताभर फक्त मेथीच्या जुडीबद्दल सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेले. ओदरिकराव खाटेवर बसून गुडघ्याच्या बिजागरीला तेल घालत होते. मी त्यांच्या भाषेत, त्यांच्या काळातल्या उच्चारांसह वंदन केलं आणि त्यांच्या कथेचा आरंभ म्हटला. त्यांनी माझं बोलणं संपेपर्यंत उभं राहून ऐकलं.

"फार सुंदर," ते मराठीत म्हणाले. "बाईसाहेब, आपण बकुळाबाईंच्या घरच्या ना? आज डबा यायला उशीर झाला."

"काय असतं डब्यात?"

"कळण्याची भाकरी. भरीत. शुक्रवारी भूक फार लागते."

मी घरी येऊन डबा नेऊन दिला. वाटेत तो तळ्यात फेकावा असं मला दोनदा वाटलं.

त्या आठवड्यात मी मनाशी बरीच भाषणं रचली. माझं म्हणणं न्यायाचं होतं. एखादा माणूस आपल्यासाठी मरत असेल, तर तो का मरतो एवढं तरी आपल्याला कळलं पाहिजे. नुसतं शेजारी राहिल्यामुळे कुणाला असं मरण मिळू नये. हे सगळं मी नगरपरिषदेत वाणीसाहेबांना सांगितलं. ते पाणीपुरवठ्याचं काम पाहत. ओदरिकरावांचा विषय त्यांच्याकडेच होता.

"मरण्याचा विषय आमच्याकडे नाही," वाणीसाहेबांनी दुरुस्ती केली. "तळं आमच्याकडे आहे. ते तळ्यावर मरतात, म्हणून मी बघतो."

"मग बाई बदलता येते की नाही?"

"येते. आधीच्या बाईंनी पट्टी सोडायची, नवीन बाईंनी बांधायची. पण ताई, जबाबदारी आहे. दिवेलागणीच्या आत थेंब पडला पाहिजे. दिवे लागले की मग ते तुमच्या-आमच्यासारखे मेले. परत उठणं नाही. आणि थेंब त्याच बाईचा लागतो. ऐन वेळी दुसरी चालत नाही."

"मी त्यांना 'हो' म्हटलं तर?"

वाणीसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "ते करू नका. रेल्वे क्वार्टरमधल्या परेराबाई एकदा म्हणाल्या होत्या. ओदरिकरावांना पुढचं काही ठाऊक नाही. पुढच्या गुरुवारपर्यंत घाटावर तसेच उभे. घोडीही उभी. ऐन लग्नसराईत."

राहता राहिली वहिनी. ती गच्चीत पापड वाळत घालत होती. मी इमान, आदर्श आणि समज या क्रमाने बोलायचं ठरवलं होतं. इमानावर असतानाच ती म्हणाली, "तुला पाहिजेत का ओदरिकराव?"

"म्हणजे... हो."

"मग घे की."

"तुला वाईट नाही वाटणार?"

"मला कशाला वाईट वाटेल? जुबेदा मॅडमनी मला दिले, मी तुला देते. त्यांचे गुडघे धरायला लागले होते ना, पायऱ्या उतरवत नव्हत्या." तिने पापड उलटला. "फक्त या गुरुवारी नको. त्याच्या पुढच्या गुरुवारी कर. मला ब्लाउज शिवून आणायचाय."

ब्लाउजचा संबंध मला कळला नाही. तिच्या लेखी दोन्ही गोष्टी सारख्याच, असं मी समजले आणि तिची थोडी कीवही केली.

ठरल्या गुरुवारी वहिनीने पट्टी सोडली आणि मी परदेशातून आणलेला रेशमी रुमाल ओदरिकरावांच्या दंडावर बांधला. गावाने टाळ्या वाजवल्या. वहिनी पुढच्या पायरीवर जाऊन बसली. ती मोरपंखी पैठणी नेसून आली होती, नवा ब्लाउज, केसांत अबोली. जुबेदा मॅडम आल्या नव्हत्या.

"बाईसाहेब, आज तरी?" ओदरिकरावांनी मला विचारलं.

मी त्यांच्या भाषेत, एलिसांदच्या शब्दांत 'नाही' म्हणाले. ते इतके सुरेख कोसळले की घोडीसुद्धा मागे सरली. गिरासेंनी मान हलवली. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आणि मला रडू येईना.

कारण मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. ते माझ्यासाठी मेले होते. तिकडे त्यांच्या रिकाम्या कबरीला लोखंडी कठडा आहे, त्याला टेकून मी चार वर्षं फुलं वाहिली, आणि इथे त्यांचं खरं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी वहिनीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हार दिसावी अशी माझी फार इच्छा होती. ती पुढे वाकून बसली होती, लक्ष देऊन.

मी त्यांच्या कथेतला विलाप म्हणायला सुरुवात केली. त्याने तरी डोळे भरतील असं वाटलं. विलाप लांब आहे. ऊन पायऱ्यांवरून पाण्यात उतरलं. लोक चुळबुळ करू लागले.

"फॉरेनला रडायला शिकवत नाहीत का?" मागून कुणीतरी म्हणालं.

"कांदा देऊ का, ताई?" भाजीवाल्या गंगूबाईने टोपलीत हात घातला.

"कांद्याचे चालत नाहीत," वाणीसाहेब म्हणाले. "मागे करून पाहिलंय. उठतात, पण लगेच परत पडतात. ताई, मनावर घ्या. वायरमन खांबापाशी पोचला."

मी घाबरले. ओदरिकरावांचा चेहरा राखाडी होत चालला होता. मी विलाप अधिक जोरात म्हणू लागले, मग एलिसांदचं उत्तर, मग पुन्हा विलाप. घाबरल्यावरही रडू येईना. घाम तेवढा आला.

तेवढ्यात वहिनीने पायरीवरून आवाज टाकला. "शर्वाणी! जरा गप्प बस बाई. तू थांबल्याशिवाय ते बोलतील कसे?"

"ते मेलेत, वहिनी!"

"एक श्वास राहतो. तू गप्प तर बस."

मी गप्प बसले. तळं शांत झालं. वहिनीने हात कानामागे नेला. ओदरिकरावांचे ओठ हलले, उरलेला श्वास बाहेर आला, आणि त्या श्वासावर एक नाव होतं.

"बकुळा," ते म्हणाले.

माझे डोळे धो धो वाहू लागले. माझा रुमाल बांधून, माझ्या मांडीवर, माझ्यासाठी मरताना या माणसाने तिचं नाव घेतलं होतं! थेंब त्यांच्या कपाळावर, नाकावर, चिलखतावर पडले. ओदरिकराव उठून बसले, त्यांनी माझे आभार मानले आणि घोडीला हात केला. खांबावरचे दिवे लागले.

"झालं," वाणीसाहेब म्हणाले. "आसवं खरी होती. कशाची होती ते आम्ही बघत नाही."

घरी जाताना वहिनीचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला. ती लग्नातून परतल्यासारखी हळू चालत होती.

"तू दर गुरुवारी रडायचीस, ते कशानं?" मी विचारलं.

"कशानं म्हणजे? माझ्यासाठी मरायचे आणि नाव घ्यायचे जुबेदाचं. रडू येणार नाही? पहिल्या दिवशी तर मी त्यांना चिमटा काढला होता."

"आणि जुबेदा मॅडम?"

"त्यांच्या वेळी परेराबाईंचं घ्यायचे. ज्या बाईनं सोडलं तिचंच नाव येतं त्यांच्या तोंडी. मी एकदा शेडवर जाऊन विचारलं, असं का हो? तर म्हणाले, बकुळाबाई, मरताना जे येतं ते येतं, माझ्या हातात नाही." तिने केसांतला गजरा नीट केला. "मॅडमचे गुडघे चांगले आहेत, कळलं ना तुला? माझ्या वेळी एक गुरुवार चुकवला नाही त्यांनी. आज मात्र आल्या नाहीत. आता कशाला येतील."

मला माझा प्रबंध आठवला. काही हस्तलिखितांत मरणारे ओदरिक एलिसांदचं नव्हे, मातिल्द नावाच्या कुणा स्त्रीचं नाव घेतात. ही नकलाकारांची चूक आहे, असं मी प्रबंधात एक पूर्ण प्रकरण खर्चून सिद्ध केलं होतं. परीक्षकांना ते प्रकरण सर्वांत आवडलं होतं.

"तू किती वर्षं थांबलीस, वहिनी?"

"पुष्कळ. मागायलाच कुणी येत नव्हतं. बायकांना कामं असतात. तू आलीस, देवासारखी."

ती आत जाऊन पैठणीची घडी घालू लागली. डबा उद्यापासून मी करायचा, असं तिने आतूनच सांगितलं.

सकाळी मी ओदरिकरावांसाठी भाकऱ्या थापल्या. पहिल्या दोन मोडल्या. तिसरी फुगत असताना माझं ठरलं. पुण्याला माझी मामेबहीण केतकी फ्रेंच शिकते. हुशार आहे, हळवी आहे, आणि लहान गावांना मोठ्या विचारांची गरज आहे असं तिला मनापासून वाटतं. तिला मी बोलावून घेणार. गावाला तुझ्यासारख्या मुलीची गरज आहे, असं सांगणार. ओदरिकराव तिने स्वतःहून मागेपर्यंत वाट पाहणार, आणि मागितले की म्हणणार, घे की.

फक्त दिवाळीनंतर ये म्हणेन. तोवर दर गुरुवारी मला रडू येत राहील, त्याची काळजी नाही. आणि येवल्याला पैठणी विणून मिळायला तेवढा वेळ लागतोच.