बटाटाबंदीचे दहा दिवस

"यंदा रस्सी आपली आणि पंख्याची खोलीही आपली!" असं मुकादमांनी जाहीर केलं आणि हातातला हूक लाकडी खोक्यात असा हाणला, की तो परत उपसायला दोघे जण लागले.

मुकादमांच्या गोदामात दरवर्षी एक रस्सीखेच व्हायची. एका बाजूला हमालांची टोळी, दुसऱ्या बाजूला ऑफिस. जिंकणाऱ्याला वजनकाट्याशेजारची खोली वर्षभर जेवायला मिळायची. खोली तशी खुराड्याएवढीच. पण तिला पंखा होता, खिडकी होती आणि पाठ टेकायला भिंत होती! हरणाऱ्यांनी माल उतरवायच्या धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून ट्रकच्या धुराबरोबर जेवायचं. टोळी गेली दोन वर्षं धूर जेवत होती.

आता, दिवसभर पोती उचलणारी माणसं कारकुनांशी हरतात कशी, असं कुणीही विचारेल. पण रस्सीखेच म्हणजे काय? मागे रेलायचं आणि काही झालं तरी जागचं हलायचं नाही. ऑफिसातल्या माणसांचा तो रोजचा सराव होता!

मुकादम पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते. रस्सीच्या शेवटच्या टोकाला, कमरेला वेढा घालून उभं राहायची त्यांची ही शेवटची वेळ. "ही पोरं पायऱ्यांवर सोडून मी घरी जाणार नाही," असं ते म्हणत. पोरांतलं सर्वांत लहान पोर बेचाळीस वर्षांचं होतं.

अशात त्यांची तपासणी झाली. त्यांची सून दवाखान्यात नर्स होती. तिने रिपोर्ट वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बाबा, साखर काठावर आलीय. पाव, भात, बटाटा, बिस्किटं आणि तुमच्या चहातले ते चार चमचे, हे सगळं कार्बोहायड्रेट. पोटात गेलं की त्याची साखर होते."

"म्हणजे हे सगळं जादा ओझं!"

"ओझं नाही हो. अंगात ताकद त्यातूनच येते. फक्त किती खायचं आणि कोणतं खायचं..."

"पुरे! ओझं उतरवल्यावर गाडी कशी पळते, हे तू मला शिकवतेस? चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

सुनेने वाद घातला नाही. ती दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला परगावी निघाली होती. सासऱ्यांचे कान कोणत्या वेळी बंद होतात, हे तिला पाठ होतं. म्हणून तिने सगळं एका कागदावर लिहिलं, दोन्ही बाजूंनी. पहिल्या बाजूला ठळक अक्षरांत यादी: पांढरा पाव, भात, बटाटा, बिस्किटं, साखर, केळं. खाली कोपऱ्यात, कागद उलटावा म्हणून, उजवीकडे एक बाण काढला. "हे नीट वाचा हं बाबा," म्हणाली आणि बस पकडायला गेली.

मुकादमांनी यादी वाचली. बाणही पाहिला. आता गोदामातल्या माणसाला बाण म्हणजे एकच गोष्ट: ही बाजू वर! चाळीस वर्षांत त्यांनी एकही खोकं उलटं ठेवलेलं नव्हतं. ती शिस्त ते सुनेच्या कागदावर सोडणार होते थोडेच? टोळी ज्या मोठ्या खोक्याभोवती जेवायची, त्याच्या अंगावर त्यांनी तो कागद लेबलं डकवायच्या खळीने चिकटवला. बाण बरोबर वर! पोरं जेवायला बसली. अक्षरं आडवी झाली होती. नऊ माना डाव्या खांद्यावर कलल्या आणि वाचन सुरू झालं.

"बटाटापण नाही?" लांब्याने विचारलं. लांब्या रस्सीला सगळ्यांत पुढे असायचा. त्याच्या डब्यात पाव, बटाटा आणि पुन्हा पाव असे.

"नाही."

"पण मुकादम, साखर तुमची वाढलीय. आम्ही काय केलंय?"

"तुम्हांला खोली पाहिजे का बटाटा?"

टोळीची एक रीत होती. सगळे डबे मधे उघडायचे, पहिला घास मुकादमांचा. त्यांनी जे बाजूला सारलं, ते मग कुणी खायचं नाही. त्या दिवशी मुकादमांनी एकेक डबा पाहिला आणि इतकं काही बाजूला सारलं, की मधे उरली अकरा अंडी आणि एक काकडी.

"हलकं व्हायचं!" मुकादम म्हणाले. "हलकं आणि पोलादासारखं!"

तीन दिवसांत सगळे हलके झाले. पोलादाचा मात्र पत्ता नव्हता. चौथ्या दिवशी लांब्या रिकामं खोकं उचलायला वाकला आणि तिथेच जरा बसला. पाचव्या दिवशी दोघं जण एका झाडूवरून भांडले. सहाव्या दिवशी तर कहर! टोळी माल उचलायची ती मुकादमांच्या आरोळीवर. "हय्या" म्हटलं की उचलायचं, "हो" म्हटलं की ठेवायचं. मुकादम "हय्या" म्हणाले आणि पुढचं विसरले. आठ जण यंत्राची पेटी डोक्यापर्यंत उचलून उभे.

"मुकादम..." पेटीखालून आवाज आला.

"काय रे?"

"पुढचं म्हणा ना!"

"पुढचं काय असतं?"

शेवटी शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर "हो" म्हणाला, तेव्हा पेटी खाली आली.

"सोडायचं का आता?" लांब्याने हळूच विचारलं.

"अजिबात नाही! गंज निघतोय अंगातला. निघताना त्रास होतोच." मुकादमांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी काजवे चमकत होते, पण त्यांनी ते काजवे कुणाला कळू दिले नाहीत.

ही सगळी हकिकत ऑफिसच्या खिडकीतून एक जण रोज पाहत होता. तो म्हणजे हेडक्लार्क, ऑफिसच्या संघाचा कप्तान. त्याने पाहिलं, की टोळीने पाव सोडला. टोळी अंडी खाते. आणि सगळे रोज जेवणाआधी, एकाच वेळी, माना डाव्या खांद्यावर टाकून मिनिटभर स्तब्ध बसतात!

"ही तयारी आहे," हेडक्लार्क ऑफिसात कुजबुजला. "त्यांना कुणीतरी मोठा जाणकार भेटलाय."

"पण साहेब, पाव सोडायचा म्हणजे..." टायपिस्ट चाचरला.

"खोली सोडायचीय का?"

झालं! दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातही पाव बंद, बिस्किटं बंद आणि चहात साखर बंद. भर दुपारी नऊ कारकून माना डावीकडे टाकून बसू लागले. एका व्यापाऱ्याला वाटलं, आपला अर्ज नामंजूर झाला. तो न बोलताच परत गेला. नवव्या दिवशी हेडक्लार्कने 'पोचले' हा शिक्का कागद सोडून आपल्याच तळहातावर मारला आणि बराच वेळ तो वाचत बसला.

दहावा दिवस उजाडला. दुपारी अंगणात चुन्याची रेघ मारली. रस्सीच्या मधोमध लाल फडकं बांधलं. टोळी वजनकाट्याच्या बाजूला, ऑफिस फाटकाच्या बाजूला. दोन्हीकडे चेहरे असे, की वाटावं गोदामात कुणाची तरी शोकसभा आहे. मुकादमांनी रस्सी कमरेला गुंडाळून घट्ट गाठ मारली. खरं म्हणजे उभं राहायला त्यांना त्या गाठीचाच आधार होता.

मॅनेजरसाहेबांनी शिट्टी फुंकली.

काहीही झालं नाही.

साहेबांना वाटलं, शिट्टी ऐकू गेली नाही. त्यांनी पुन्हा फुंकली. "ओढतोय साहेब," लांब्या क्षीण आवाजात म्हणाला. दोन्ही बाजूंची मंडळी दाराला टेकावं तशी रस्सीला टेकून उभी होती. पाच मिनिटं झाली. लाल फडकं रेघेवर लटकत राहिलं. दहा मिनिटांनी हेडक्लार्क खाली बसला. रस्सी मात्र त्याने सोडली नाही. ते पाहून आणखी चार जण बसले.

"हय्या!" मुकादम ओरडले. आवाज निम्म्यातच संपला. पण त्यांनी दात आवळले. कान गुणगुणत होते, तरी डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती: पंखा. ही पोरं आणि त्यांच्या डोक्यावर फिरणारा पंखा!

तेवढ्यात सून आली. बसमधून उतरून, वाटेत फक्त दवाखान्यात थांबून. खेळ संपल्यावर दोन्ही संघांना खायला म्हणून तिने दवाखान्याच्या उपाहारगृहातून एक मोठं पातेलं आणलं होतं. वजनकाट्याजवळ टेबल होतं, म्हणजे टोळीच्या पाठीमागे. तिने पातेलं त्यावर ठेवलं आणि झाकण काढलं.

उकडलेले बटाटे. सालासकट. वाफाळलेले!

ती वाफ सगळ्यांच्या डोक्यांवरून सावकाश फाटकापर्यंत गेली. क्षणभर अठरा माणसांचा श्वास थांबला. मग सगळ्यांत आधी वळले ते मुकादम! "हय्या हो!" अशी पूर्ण आरोळी ठोकून ते टेबलाकडे सुटले. कमरेला रस्सी तशीच. त्यांच्यामागे टोळी. आणि ऑफिस? तेही धावलं, त्याच टेबलाकडे! दोन्ही संघ एकाच दिशेला धावताहेत, अशी रस्सीखेच साहेबांनी जन्मात पाहिली नव्हती. लाल फडकं मुकादमांच्या मागे फरफटत रेघ ओलांडून, वजनकाटा ओलांडून, टेबलाखाली येऊन थांबलं.

साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं. फडकं रेघेपलीकडे गेलं की विजय, एवढंच त्यात होतं. माणसांनी कुठल्या कारणासाठी धावावं, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

"टोळी विजयी!"

हेडक्लार्कने हरकत घेतली असती. पण त्याच्या तोंडात जागा नव्हती.

"मुकादम," साहेबांनी हात पुढे केला, "या यशाचं रहस्य काय?"

"निर्धार!" मुकादम म्हणाले. निदान तसं ऐकू आलं. त्यांच्या तोंडात दोन बटाटे होते.

सून हे सगळं कमरेवर हात ठेवून पाहत होती. लांब्याने तिला दहा दिवसांची कथा सांगितली. ती तडक त्या खोक्यापाशी गेली, मान डावीकडे कलवून तिने कागद पाहिला आणि मग म्हणाली, "बाबा, तुम्ही मागची बाजू वाचली का?"

"मागे बाजू होती?"

तिने ओल्या फडक्याने कागद भिजवून हळूहळू सोडवला. खळीने अक्षरं पुसट झाली होती, तरी वाचता येत होती. टोळी भोवती जमली. पंख्याची खोली मिळालेली माणसं ती, सगळी खुशीत होती. सुनेने कागद मुकादमांच्या हातात दिला. "मोठ्याने वाचा."

मुकादमांनी घसा साफ केला.

"बाबा, यादीतलं काहीही बंद करायचं नाही, निम्मं करायचं. साखर एकच चमचा. पांढऱ्या पावाऐवजी कोंड्याचा पाव, सोबत डाळी, भाज्या आणि रोज चालणं. तुम्ही ओझी उचलता, उपाशी राहू नका."

ते थांबले.

"अजून एक ओळ आहे," सून म्हणाली.

मुकादमांनी कागदाची घडी घालून तो खिशात टाकायचा प्रयत्न केला. लांब्याने तो मधेच उचलला आणि सवयीने मान डावीकडे टाकून वाचला:

"रस्सीखेचीच्या दिवशी मात्र आठवणीने बटाटा खाऊन जा."