सहा ओळींत न मावलेली भेग

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने दहा मिनिटांत दहा स्लाइड दाखवाव्यात, प्रत्येक स्लाइडवर सहाच ओळी असाव्यात आणि शेवटी श्रोत्यांनी दोन प्रश्न विचारावेत, असा स्थापत्य विभागाचा नियम होता. नियमात काही खोट नव्हती. खोट मापाड्याच्या पुलात होती.

मापाड्या हे नाव वर्गाने ठेवलेले. दिसेल त्या वस्तूला तो पट्टी लावायचा. विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या पादचारी पुलाचा मधला खांब त्याने तीन महिने मोजला. पहिल्या महिन्यात खांबाच्या भेगेत जाड कागद जात होता, दुसऱ्यात पेन्सिल. तिसऱ्यात त्याचे बोट गेले आणि ते बाहेर काढायला बराच वेळ लागला.

मागच्या वर्षी तो बारा मिनिटे बोलला म्हणून नापास झाला होता. यंदाही नापास झाला, तर विद्यापीठातून नाव कमी होणार होते.

मार्गदर्शक बाईंनी स्लाइड बारकाईने पाहिल्या.

"काम छान केलंयस रे. पण ही भेग सातव्या ओळीत आलीय."

"बाई, पूल पडेल."

"पडेल ना, मी कुठे नाही म्हणतेय? पण ओळी सहाच."

"मग कठड्याच्या रंगाची ओळ काढू?"

"वेडा आहेस का? परिसराच्या सौंदर्याला पाच गुण आहेत!"

भेग मग छायाचित्रात गेली. पुलाखाली वाकून काढलेले ते छायाचित्र अंधूक होते आणि गुणपत्रिकेत 'चित्रांची स्पष्टता' असा रकाना होता. बाईंनी दुसऱ्याच एका पुलाचे चित्र सुचवले. तो पूल खरोखर देखणा होता. त्याला मधला खांबच नव्हता.

राहिले दोन प्रश्न. वर्गात प्रश्नांची रीतसर अदलाबदल चालायची; उत्तरे आधीच पाठ असायची. मापाड्याने शेजारच्या बाकावरच्या चष्मेवालीला गाठले.

"मला एवढंच विचार, की पूल सुरक्षित आहे का."

"अरे वा! आणि उद्या माझ्या धरणाबद्दल कुणी तेच विचारलं म्हणजे? 'प्रेरणा कुठून मिळाली' एवढंच विचारीन. माझ्या मुळावर का उठलायस बाबा?"

सादरीकरण नऊ मिनिटांत निर्विघ्न पार पडले. चष्मेवालीने प्रेरणा विचारली, मापाड्याने ती सांगितली. दुसरा प्रश्न ज्याच्याकडे होता, तो डुलक्या घेत होता. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिले. तेवढ्यात खिडक्या लावायला आलेला शिपाई दारातून म्हणाला,

"पोरा, मी रोज त्याच पुलावरून येतो. धड आहे ना रे तो?"

मागे पडद्यावर देखणा पूल झळकत होता. बाई नकारार्थी मान हलवत होत्या.

"नाही, काका," तो म्हणाला. "मधला खांब फाटतोय. माझं अख्खं बोट आत गेलं."

त्याने सोलवटलेले बोट वर केले.

"हे स्लाइडवर आहे?" परीक्षकांनी विचारले.

"नाही, सर."

"मग ते सादरीकरणात धरता येत नाही." इतके बोलल्यावर परीक्षकांचा चेहरा खुलला. "पण श्रोत्यांचा सहभाग काय सुंदर! वीसपैकी वीस!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मापाड्या पास झाला.

"पण साहेब, पुलाचं काय करायचं?" शिपायाने विचारले.

"दोनच प्रश्न, काका. हा तिसरा," परीक्षक म्हणाले.

पाच वाजता सगळे पुलाशी येऊन थबकले. दुसरा रस्ता अर्ध्या तासाने लांब होता. "इतकी वर्षं उभा आहे, आजच कशाला पडतोय," बाई म्हणाल्या. परीक्षकांनी चार-चार जणांचे गट पाडले. चष्मेवाली पहिल्या गटात घुसली, शिपाई दुसऱ्यात. मापाड्या क्षणभर रेंगाळला, मग खिशातली गुणपत्रिका चाचपत तोही निघाला.

'मी नसतो गेलो' असे मनात म्हणणाऱ्याने, आपल्या रोजच्या पुलाखाली आपण शेवटचे कधी वाकून पाहिले, एवढे आठवून बघावे.