विरघळलेली प्लेट

बाजारात लिलावाची बोली पुकारणाऱ्या एका माणसाचा जबडा खोका पडून मोडला आणि मोठ्या रुग्णालयातल्या सर्जनसाहेबांनी तो विरघळणाऱ्या प्लेटने जोडला. धातूची प्लेट त्रास देऊ लागली की पुन्हा कापून काढावी लागते. ही मात्र हाड जुळल्यावर आपोआप विरघळते, असं साहेबांनी समजावलं. बोलीवाल्याला पटलं. आपणहून निघून जाणारा पाहुणा कोणाला नको असतो?

हाड जुळलं. तो पुन्हा ओट्यावर उभा राहून खणखणीत आवाजात बोली पुकारू लागला. वर्ष उलटलं आणि डावा गाल सुजला. मग तोंड नीट उघडेना, हनुवटीखाली भोक पडून त्यातून पाणी झिरपू लागलं. "हा भाव सांगतोय की गुळणी धरून बसलाय?" व्यापारी कुरकुरले. मालकाने त्याला ओट्यावरून उतरवून गोदामाच्या दाराशी बसवलं.

सर्जनसाहेबांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. "प्लेट दिसत नाही. म्हणजे विरघळली."

"पण साहेब, ही प्लेट एक्स-रेत दिसतच नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात," बोलीवाल्याची बायको म्हणाली.

"बरोबर. तेव्हाही दिसत नव्हती, आजही दिसत नाही. परिस्थिती स्थिर आहे."

"आणि गाल?"

"गाल दंतविभागाकडे."

दंतविभागाने दातांना निर्दोष ठरवून त्वचाविभागाकडे धाडलं. त्वचाविभागाच्या मते कातडी उत्तम होती, भोक तेवढं आतून आलं होतं. शेवटी मनोविकारतज्ज्ञाने हळुवारपणे विचारलं, "सूज आहे असं कधीपासून वाटतंय?"

एका सकाळी चूळ भरताना पांढरा तुकडा स्क्रूसकट बेसिनमध्ये पडला. नवराबायको तो घेऊन धावले. साहेबांनी चिमट्याने उलटापालटा करून पाहिला.

"ही आमची नव्हे. आमची विरघळली."

"मग आत उरलीय ती तरी काढा," बोलीवाला कसाबसा म्हणाला.

"अहो, काढावी लागत नाही म्हणून तर ती बसवली. न काढायची प्लेट काढण्याची शस्त्रक्रिया आमच्याकडे असेल कशी?" साहेबांनी डायरी उघडली. "तरी बघू. पुढच्या आठवड्यात विभागाचा समारंभ आहे. यशस्वी रुग्ण म्हणून तुमचा सत्कार ठरलाय. येऊन जा."

आला. 'बघू' या एका शब्दापायी आला. गळ्यात हार पडला, हातात माईक दिला गेला. ज्याचा आवाज बाजाराच्या पार टोकाला ऐकू जायचा, त्याचं तोंड बोटभर उघडलं आणि तिथेच अडकलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"बघा, किती भारावून गेलेत," निवेदिका म्हणाली.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेला तो सुजलेला गाल आणि पट्टीवरचा ओला डाग स्पष्ट दिसत होता, शेवटच्या रांगेलाही दिसत होता. बाहेर पडताना तुमच्याआमच्यासारख्याच चारचौघांनी त्याच्या बायकोला जिन्यात गाठलं.

"ताई, आमच्या मुलाचा जबडा दाखवायचाय," त्यांतला एक आवाज खाली आणून म्हणाला. "साहेबांशी तुमची ओळख दिसते. जरा लवकरची वेळ मिळवून द्याल का?"