बाजेतल्या हिरव्या बिड्या

ढेकूण झाडायला अन्नपूर्णाबाईंनी ओसरीतली बाज अंगणात आपटली, तर तिच्या पोकळ बांबूतून बिड्या पडल्या. बोटभर लांब, हिरव्यागार, चांगल्या तीन. बाज शेषरावांची. त्यांनी महिन्यापूर्वीच तुळशीपुढे बिडी सोडली होती, आणि पुन्हा ओढली तर मी कायमची माहेरी, असं बाईंनी तिथेच बजावलं होतं.

“हे काय हाय?”

“मले काय माहीत? माह्या नाहीत.”

“मंग काय बाज बिडी ओढते?”

बाईंनी दारातला गुलाब दाखवला. पानापानाचा गोल तुकडा कातरीने काढावा तसा गायब. शेषराव चक्रावले. आपण झोपेत उठून पानं कातरतो की काय? आणि वळतोही? त्यांनी गुपचूप स्वतःची बोटं हुंगून पाहिली. काही म्हणता काही कळेना.

शेजारचे निवृत्ती म्हणजे बिडीतले जाणकार. बाईंनी त्यांनाच बोलावलं. त्यांनी एक बिडी उजेडात धरून फिरवली. “वळण पक्कं हाय. असं वळाले हात बसलेला लागते, भाऊ.”

शेषरावांचा धीरच सुटला. कबूल केलं तर निदान माहेरची गाडी तरी जुंपणार नाही, असं त्यांना वाटलं.

“ह्या कवा वळल्या ते खरंच आठवत नाही,” ते काकुळतीला येऊन म्हणाले. “म्या फकस्त एकच ओढली. कापूस घेऊन मलकापूरले गेलतो तवा, टेसनापाशी.”

तोवर निवृत्तींनी बिडी उलगडली होती. तंबाखूचा पत्ता नाही. पानांच्या इवल्या पुंगळ्या एकापुढे एक, प्रत्येकीत पिवळ्या परागाचा ओलसर गोळा आणि एक पांढरी अळी. तेवढ्यात मधमाशीसारखी एक करडी माशी पोटाखाली पानाची चकती धरून आली आणि बांबूचं भोक शोधत घिरट्या घालू लागली.

“हे तं हिचं बाळंतघर हाय,” निवृत्ती खूश झाले. “एकटीच राह्यते बिचारी, ना पोळं ना मध. पुंगळीत एक अंडं अन् त्याची शिदोरी. नागपूरहून शेतकी खात्याचा साहेब आलता, तो सांगे, हे फुलावर बसते म्हून तुरीले शेंगा धरते. बाज जागेवर ठेवा, वहिनी. शेषराव बेकसूर हाय.”

बाईंनी बाज अलगद ओसरीत ठेवली. माशी आत शिरली. शेषरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

“माशीचं समजलं,” पदर खोचत बाई म्हणाल्या. “आता टेसनाचं सांगा.”